खांद्याची कंडरा फाटलीय, ऑपरेशन नकोय? मग या चुका टाळा

वरच्या फळीवरचा डबा काढताना खांद्यात कळ आली, एमआरआय झाला, रिपोर्टात ‘टेअर’ दिसलं आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. पहिली चूक इथेच होते. आपण खांद्याऐवजी रिपोर्टवर उपचार शोधायला लागतो. 1995 साली अमेरिकेत खांदा अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा साठी ओलांडलेल्यांपैकी 54 टक्के लोकांची रोटेटर कफची, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंना हाडाशी जोडणारी कंडरा थोडी किंवा पूर्ण फाटलेली निघाली. केस पिकतात तशी कंडराही झिजते.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे पंधरा दिवसांत व्यायाम सोडणं. ‘फिजिओ केली, काही फरक नाही’ म्हणणाऱ्याला किती दिवस केली ते विचारून बघा! अमेरिकेतल्या ‘मून’ गटाच्या डॉक्टरांनी मार न लागता कंडरा आरपार फाटलेल्या 452 रुग्णांना व्यायाम दिला. दोन वर्षांत ऑपरेशनकडे वळले पाव हिश्श्याहून कमी, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. फाटलेली जागा व्यायामाने शिवली जात नाही. शेजारचे स्नायू तिचं काम उचलायला शिकतात, आणि त्याला दोन-तीन महिने द्यावेच लागतात.

व्यायाम करतानाही घोटाळा होतो. रबरी पट्टा बाहेर ओढताना कोपर अंगापासून सुटतं आणि सगळा जोर मानेवर येतो. काखेत नॅपकिनची गुंडाळी धरा. ती खाली पडली की तो आकडा मोजायचा नाही. थोडं दुखलं तर चालेल, पण रात्री ठणका लागला तर दुसऱ्या दिवशी हलका पट्टा घ्या.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरं वाटतं. ती व्यायामासाठी मिळालेली उसंत असते, सिलिंडर उचलायची परवानगी नव्हे. ते वारंवार घेतलं तर कंडरा कमजोर होऊ शकते. मधुमेह असेल तर काही दिवस साखरही चढते, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगा.

हात महिनाभर गळ्यात बांधून ठेवू नका, खांदा आखडतो.

हे सगळं झिजून फाटलेल्या कंडरेबद्दल झालं. गाडीवरून पडलात आणि त्यानंतर हात वर जाईना, तर व्यायामात दिवस घालवू नका, त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना गाठा. उशीर झाला की तुटलेलं टोक मागे सरकतं, स्नायू सुकून त्यात चरबी भरते आणि मग शिवायचं म्हटलं तरी टाका धरत नाही.