मोड एकदाच काढा, उसळ आठवडाभर

व्यायाम करून घरी आल्यावर उसळ खावीशी वाटते, आणि मटकी कालच भिजत घालायला हवी होती हे तेव्हा आठवतं.

१. शनिवारी सकाळी अर्धा किलो मटकी भिजत घाला. रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधा.

२. रविवारी मोड दिसले की थांबा, लांब वाढू देऊ नका. मग कापडावर पसरून पाणी पूर्ण सुकवा. इथे घाई केली तर फ्रीझरमध्ये सगळ्याचा एकच गोळा होतो.

३. एकेका वेळेपुरती वाटी-वाटी पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा.

करताना गोठलेलीच थेट फोडणीत टाका आणि नीट शिजवा; कच्च्या कोशिंबिरीला ही वापरू नका. बांधलेली मटकी चिकट झाली किंवा आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या.