जुना कॉपियर, नवं विंडोज: एसएमबी १ चालू करताना या चुका टाळा

जुलै महिना, रिटर्न भरायची धांदल आणि सीएच्या ऑफिसातला भलामोठा कॉपियर नव्या कॉम्प्युटरवर स्कॅन पाठवायला तयार नाही. केबल बदलून झाली, राउटर बंद-चालू करून झाला. दोष केबलचा नव्हताच. त्या कॉपियरला एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत, सोडून दुसरं काही येत नाही आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या ऑक्टोबरपासून, नव्या इन्स्टॉलमध्ये एसएमबी १ चा सर्व्हर नसतो. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १ च्याच वाटेने पसरला होता.

मग लोक ‘विंडोज फीचर्स’ उघडतात आणि एसएमबी १ वर सरसकट टिक करतात. थांबा. त्याच्या पोटात तीन खोके आहेत. आधी एकच विचारा: जोडणी कोण सुरू करतंय? कॉपियर स्वतः जोडून घेऊन स्कॅन पाठवतो, तर कॉम्प्युटर झाला सर्व्हर. फक्त ‘सर्व्हर’वर टिक. जुन्या नॅसवरच्या, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावरच्या, फाइल तुम्ही कॉम्प्युटरवरून उघडत असाल तर फक्त ‘क्लायंट’. मी एकदा कॉपियरसाठी क्लायंट चालू करून अख्खी दुपार घालवली आहे. तिसरा खोका ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’चा, तो रिकामा ठेवा. नाहीतर कॉम्प्युटर चालू असलेले १५ दिवस वापर झाला नाही की विंडोज तो भाग काढून टाकू शकतं.

एवढं करूनही लॉगिन होत नसेल तर बहुतेक कोणीतरी कॉपियरमध्ये पिन टाकलाय. तिथे पासवर्डच लागतो. ‘स्कॅन’ नावाचा वेगळा लोकल युजर करा, त्याला त्या एकाच फोल्डरचा हक्क द्या. ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल देऊन मोकळं होऊ नका. कॉपियरच्या ॲड्रेस बुकात कॉम्प्युटरच्या नावाऐवजी आयपी, म्हणजे त्याचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, लिहा.

विंडोज ११ प्रो, २४एच२ आवृत्ती असेल तर गोष्ट वेगळी. त्यात एनटीएलएम १, ही लॉगिन तपासायची जुनी पद्धत, उरलेलीच नाही, शिवाय एसएमबी सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर खरेपणाची डिजिटल सही, सक्तीचं आहे. जुना कॉपियर इथे टिक करूनही अडतो. मग सायनिंग बंद कर, हे काढ, ते काढ असं सुरू होतं. माझं मत विचाराल तर इथे एसएमबीचा नाद सोडावा. बऱ्याच कॉपियरमध्ये एफटीपी, ही फाइल पाठवायची दुसरी जुनी पद्धत, असते, ती वापरा. त्यात पासवर्ड उघडाच जातो, म्हणून तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा.

वर्कशॉपमधल्या विंडोज एक्सपीवाल्या सीएनसीसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनसाठी, मी मशीन आणि ऑफिसच्या मध्ये लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर बसवतो. मशीनकडून एसएमबी १, ऑफिसकडून नवं एसएमबी ३, दोन्ही बाजूंना वेगळं नेटवर्क कार्ड. हिशेबाच्या कॉम्प्युटरला हातच लावायचा नाही.

आणि फायरवॉल? ‘टेस्टिंगपुरती’ बंद केलेली फायरवॉल वर्षभर तशीच राहते. एसएमबी ज्या दारातून येतं त्या ४४५ पोर्टच्या नियमात फक्त कॉपियरचा आयपी घाला आणि तो आयपी राउटरमध्ये पक्का करून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर कॉपियरचा पत्ता बदलतो आणि तुम्ही पुन्हा केबल शोधायला लागता.