मिरगाआधी धुराडं

गोव्यात घर भाड्याने घेतलेली आपली माणसं फोनवर हमखास विचारतात, "तिकडे थंडी कितपत असते हो?" असते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे एक शाल लागेल एवढी. सत्तरीच्या बाजूला जरा जास्त. थंडीचं सोडा. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे या भागात जुनं नळ्यांचं घर मिळालं असेल (आपण कौलं म्हणतो, इथे नळे), तर आधी मागच्या अंगाला जाऊन न्हाणी बघा. तिथे चुलीवर बसवलेलं तांब्याचं भाण असेल, अंघोळीचं पाणी तापवायचं. त्या चुलीचं धुराडं छपरातून वर गेलेलं असेल. ते साफ करायचं आहे, आणि मिरग लागायच्या आत, म्हणजे पावसाआधी.

मी मूळचा महाबळेश्वरचा. वडील एका जुन्या साहेबी बंगल्याची राखण करायचे. दिवाळी आटोपली की ते दिवाणखान्यातल्या फायरप्लेसचं धुराडं झाडायला घ्यायचे, कारण मालक नाताळात यायचे. पावसाळ्यात बंगल्याला गवताची झापं बांधून कुलूप. त्यामुळे 1996 साली खाणीच्या ऑफिसातल्या नोकरीसाठी डिचोलीजवळ आलो, तेव्हा डोक्यात तेच गणित होतं. शेजारच्या माईंनी मे महिन्यातच बजावलं होतं, "पुता, पावसाआदीं धुराडें नितळ कर, मागीर मनीस मेळचो ना." म्हणजे, नंतर माणूस मिळणार नाही. मी म्हटलं, दिवाळीनंतर बघू.

जुलैत एका संध्याकाळी न्हाणीचा धूर वर जायचा सोडून घरात फिरायला लागला. लाकडं ओली, म्हणून बायकोने सोडणं कोंबली. सोडणं म्हणजे नारळाची वरची सालं. ती दमट असली की पेटत नाहीत, नुसती धुमसतात. बाहेर धो धो पाऊस, म्हणून दारं-खिडक्या बंद. तासाभरात दोघांचंही डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं. माईंनी मागच्या दाराने येऊन दोन्ही दारं सताड उघडली आणि आम्हाला पडवीत बसवलं. त्यांनी "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार. कोरा चहा तेवढा करून आणला.

महाबळेश्वरात आग थंडीत पेटते आणि लाकूडही तोवर सुकलेलं असतं. इथे चुलीला खरं काम पावसाळ्यात. वादळी पावसात लाइट वारंवार जाते, गिझर थंड पडतो आणि भाण उपयोगी येतं. पण नेमकं तेव्हाच लाकूड दमट असतं आणि धुराड्याच्या भिंती गार असतात. ओलं लाकूड जळताना आगीचा जोर पाणी उडवण्यातच जातो. धूर थंड आणि जड निघतो, त्यातली वाफ आणि डांबरासारखा चिकट अंश गार भिंतीवर बसतो. त्यावर काजळी, काजळीवर पुन्हा चिकटा. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. मेमध्ये धुराडं अर्धं भरलेलं असेल, तर गणपतीपर्यंत ते बुजायला वेळ लागत नाही.

साफ करायच्या आधी धुराडं कशाचं आहे ते पाहा. जुनं बांधकाम असेल तर चिऱ्याचं (म्हणजे जांभ्या दगडाचं), आतून गिलावा केलेलं. नंतर बसवलेलं असेल तर पत्र्याचा पाइप, नाहीतर करड्या सिमेंटचा पाइप. या सिमेंटच्या पाइपाबद्दल माझा आग्रह ऐका. जुन्या पाइपांत ॲस्बेस्टॉस असतं. ते खरवडायचं नाही, कापायचं नाही, सुक्या ब्रशने घासायचं तर नाहीच. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. घरमालकाला सांगून तो अख्खा पाइप उतरवून घ्या आणि पत्र्याचा बसवा. मालक कुरकुरेल, पण भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी हे त्याच्याच घराचं काम आहे. करार करतानाच एक ओळ घालून घेतलीत तर मे महिन्यात वाद होत नाही. आम्ही घातली नव्हती.

दोन दिवस चूल पेटवू नका. राख वरून थंड दिसते, आत निखारा असतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून घराबाहेर ठेवा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको. मग भाण उतरवा. चुलीच्या तोंडातून आत आरसा धरून वर पाहा. स्वच्छ उन्हात आभाळाचा तुकडा दिसला पाहिजे. नाही दिसला तर काजळीच असेल असं नाही. साळुंकीला धुराडं फार आवडतं, आणि तिचा अंडी घालायचा हंगामही नेमका हाच. घरट्यात पिल्लं असली तर ती उडून जाईपर्यंत थांबा. तोवर बाहेर तीन दगड मांडून पाणी तापवा, आम्ही एका वर्षी तसंच केलं. गांधीलमाशांचं पोळं असेल तर मात्र हात घालू नका, जाणकार माणूस बोलवा.

आता हातभर लांब खिळ्याने भिंतीला ओरखडा काढा. दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतका, म्हणजे साधारण 3 मिलिमीटर थर असेल, तर त्या धुराड्यात चूल पेटवायची नाही. भुरभुरीत काळी काजळी असेल तर नशीब चांगलं, ब्रशने निघेल. पापुद्रे असतील तर कष्ट लागतील. आणि काळ्या काचेसारखा चकाकणारा, नखाने न निघणारा थर असेल तर ते तुमचं-माझं काम नाही, गवंड्याला दाखवा. वर्तमानपत्रं किंवा चुडतं (माडाच्या सुक्या झावळ्या) पेटवून काजळी जाळून टाकायचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. तो ऐकू नका. धुराडं रिपांना आणि वाशांना खेटून वर गेलेलं असतं, आणि पन्नास वर्षं वाळलेल्या त्या लाकडाला पेटायला निमित्त लागत नाही.

ब्रश बाजारात मिळतो, पण पाइपाच्या मापाचा मिळेलच असं नाही. माईंचा मुलगा करायचा ती रीत सांगतो. माडाच्या हिरांची जाड जुडी सुंभाने घट्ट बांधायची, पाइपात जरा अडकत जाईल एवढी. तिच्या खाली एक वाटोळा दगड, वर लांब दोरी. एकाने वरून सोडायची आणि ओढायची, पंधरा-वीस वेळा. खाली चुलीच्या तोंडाला ओलं गोणपाट लावून वीट टेकवायची, नाहीतर सगळी न्हाणी काळी होते. नाकावर चांगला मास्क, डोळ्यांवर चष्मा, डोक्याला फडकं, अंगात टाकून द्यायचे कपडे.

वर कोणी चढायचं, यावर माझं मत पक्कं आहे: तुम्ही नाही. दुसऱ्या वर्षी मी हौसेने चढलो आणि धुराड्याशी पोहोचेपर्यंत अकरा नळे फोडले. मंगळुरी नळ्याच्या मधोमध पाय दिला की तो फुटतो. खाली रीप कुठे आहे त्या अंदाजाने पाय टाकावा लागतो, आणि तो अंदाज जन्म इथे काढलेल्यालाच येतो. त्यामुळे मेमध्ये नळे परतायला, म्हणजे काढून नीट पुन्हा लावायला, जी माणसं येतात, त्यांनाच धुराड्याचं काम द्या. एकाच चढण्यात दोन्ही होतं. त्यांना एप्रिलमध्येच सांगून ठेवा. मे उजाडला की अख्खा गाव त्यांच्या मागे असतो. म्हापशाच्या बाजारात लोक सुकी मासळी आणि मिरच्या भरून घेत असतात, इकडे प्रत्येकाला आपलंच छप्पर आधी हवं असतं.

नळे परतणारा वर असतानाच त्याला दोन गोष्टी बघायला लावा. एक, पाइपावरची टोपी. पत्र्याची असेल तर गंजून भोकं पडलेली असतात. टोपी नसेल तर पाऊस सरळ आत येतो, काजळीत मिसळतो आणि काळ्या पाण्याचे ओघळ न्हाणीच्या भिंतीवर उतरतात. त्यावर तीनदा चुना मारला तरी डाग वर येतो. दुसरी गोष्ट, पाइप छपरातून बाहेर पडतो तो सांधा. तिथे सगळे सिमेंट थापतात. पाइप तापतो, निवतो, हलतो, सिमेंटला तडा जातो आणि पहिल्याच पावसात गळती सुरू. त्यापेक्षा पत्र्याची पट्टी घालून घ्या. वरच्या बाजूला ती नळ्याच्या खाली सरकवायची, खालच्या बाजूला नळ्याच्या वर आणायची. पाण्याची वाट सरळ राहिली की गळत नाही.

निघालेली काजळी विहिरीजवळ टाकू नका. चुलीची राख मात्र माडाच्या आळ्यात घाला. इथली तांबडी माती आंबट, तिला राख मानवते.

लाकडाचंही मेमध्येच उरका. पडवीत चिऱ्यांवर फळ्या टाकून, जमिनीपासून वर, एका बाजूने वारा खेळेल असं रचा. दोन ओंडके एकमेकांवर आपटा: टणटण वाजले तर सुके, धप्प वाजले तर पुढच्या वर्षासाठी ठेवा. सुरूचं लाकूड चांगलं जळतं. चुडतं पेटवणापुरती. रंगवलेलं फर्निचर, प्लायवूड, प्लॅस्टिक चुलीत नको.

पुण्या-मुंबईहून आलेल्यांना चूल नको असते, म्हणून ते त्याच न्हाणीत गॅसचा गिझर लावतात आणि धुराड्याचं भोक गोणपाटाने बुजवतात, डास येतात म्हणून. हे करू नका. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. ओल्या लाकडाचा धूर निदान खोकायला तरी लावतो. गिझर न्हाणीच्या बाहेर लावा आणि झरोका उघडा ठेवा. कोणी आत गरगरून पडलं तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणा, मग 108 ला फोन करा.

आणि कधी धुराड्यातून आगगाडीसारखा घुमण्याचा आवाज आला, वरून ठिणग्या उडाल्या, तर काजळी पेटली आहे असं समजा. वरून पाणी ओतू नका, तापलेला चिरा तडकतो. चुलीचं तोंड पत्र्याने बंद करा म्हणजे हवा तुटेल, घरातल्यांना बाहेर काढा आणि 101 फिरवा.

सफाई झाली, भाण परत बसलं, की लगेच मोठा जाळ करू नका. मूठभर सुकी चुडतं पेटवा आणि चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धुराची रेघ वाकून आत ओढली गेली की पुढची लाकडं सरकवा. बाहेर घुटमळली तर वर अजून काहीतरी अडकलंय. छपरावर चढलेल्या माणसाला चहा पाजून थांबवून ठेवलेलं असावं, पैसे उदबत्तीनंतर द्यावेत.