शेततळ्याचं अनुदान: जेसीबी बोलावण्याआधी हे वाचा

माझ्या चुलत्यांनी मे महिन्यात जेसीबी रिकामा मिळाला म्हणून तळं खोदून घेतलं आणि अर्ज जूनमध्ये भरला. तळं झकास झालं, अनुदान मात्र एक रुपयाही मिळालं नाही. कृषी विभागाच्या पूर्वसंमतीच्या आधी केलेलं काम अनुदानाला धरत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून सगळा क्रम इथे देतो.

महाराष्ट्रात २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' सुरू झालं तेव्हा जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळत. आता वैयक्तिक शेततळं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत येतं आणि आकारानुसार कमाल ७५ हजार रुपये मिळतात. नावावर किमान ०.६० हेक्टर, म्हणजे दीड एकर जमीन हवी. कोकणात २० गुंठे पुरतात. शेततळ्याचं अनुदान आधी घेतलं असेल तर पुन्हा मिळत नाही.

सुरुवात कागदांपासून करा. फार्मर आयडी (सरकारी शेतकरी ओळख क्रमांक) काढलेला हवा. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे 'विठ्ठलराव' आणि दुसरीकडे 'विठ्ठल' असेल तर दुरुस्ती आधीच करून घ्या, कारण फाइल अशाच ठिकाणी अडकते. जमीन सामाईक असेल तर भावकीची लेखी संमती घेऊन ठेवा. दोन बँकांत खाती असतील तर डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बँकेत विचारा. अनुदान त्याच खात्यात जमा होतं.

मग राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज. शुल्क २३ रुपये ६० पैसे. सीएससी केंद्रातून भरलात तर अर्जाची पावती मागून घ्या.

जागा मात्र घाई न करता निवडा. पावसात शेतात उभं राहून पाणी कुठून कुठे वाहतं ते बघा. उताराच्या खालच्या अंगाला, काळ्या चिकट मातीत तळं घ्या. मुरमात पाणी टिकत नाही. ओढ्याच्या पात्रात घेऊ नका, दोन पावसाळ्यांत गाळाने भरेल. ३० बाय ३० मीटर लांबी-रुंदीचं, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचं (एक मीटर खोलीला कड एक मीटर आत) तळं २१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी धरतं. १५ बाय १५ चं घेतलं तर जेमतेम ४४१ घनमीटर. कडा सरळ उभ्या कापू नका, पहिल्याच पावसात ढासळतात. काम चालू असताना टेप घेऊन स्वतः मोजा, कारण मंजूर आकारापेक्षा कमी भरलं तर अनुदानही कमी होतं.

पूर्वसंमती पोर्टलवर दिसली की सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) फोन करा. ते जागेवर येऊन आखणी करून देतात, चारही कोपऱ्यांवर फक्की (पांढरी पूड) टाकतात. त्यानंतरच बकेट जमिनीला लावा आणि पूर्वसंमतीच्या पत्रातल्या मुदतीत काम संपवा. खर्च आधी आपल्या खिशातून करायचा असतो; काम झालं की मोजमाप, अक्षांश-रेखांशासह फोटो आणि मग खात्यात पैसे. जेसीबीवाल्याकडून पक्कं बिल घ्या.

मला एक गोष्ट मनापासून खटकते. प्लॅस्टिकचा कागद अंथरून तळं बोअरच्या पाण्याने भरायचं आणि उन्हात वाफ होऊन जाऊ द्यायचं, असं अनेक ठिकाणी चालतं. शेततळं पावसाचं पाणी अडवायला आहे, जमिनीतलं पाणी उपसून उन्हात ठेवायला नाही. म्हणून पाणी आत येण्याची वाट नीट करा, तोंडाशी गाळ अडवायला छोटा खड्डा घ्या, सांडव्याला (जादा पाणी बाहेर जायच्या वाटेला) दगड लावा, बांधावर हरळी लावा.

आणि कुंपण घाला. प्लॅस्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं की पाय घसरतो आणि पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडा, वरचं टोक खुंटाला पक्कं बांधा. पहिलं पाणी साठायच्या आत हे झालंच पाहिजे.