ट्रेमधलं मीठ धुवा: दिव्याखालच्या औषधी वनस्पतींसाठी उन्हाळी सल्ला

पाडवा झाला की मराठवाड्यात हात आपोआप आखडतो आणि तांब्या तांब्या पाणी मोजलं जातं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा ही सवय चुकीची म्हणता येणार नाही. पण खोलीत रॅक लावून एलईडी दिव्याखाली तुळस, पुदिना, पानओवा, ब्राह्मी वाढवत असाल तर सगळ्यात जास्त ट्रे याच सवयीने मरतात. छिद्र नसलेला ट्रे, बोअरचं पाणी, तेही थोडं थोडं, आणि खाली एक थेंबही निथळू द्यायचा नाही. चाळीस दिवसांत त्या ट्रेचं मिठागर होतं.

हिशोब करून बघा. पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात क्षार किती याचं माप; इथले आकडे मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) १.५ असेल तर एका लिटरमध्ये जवळपास १ ग्रॅम क्षार असतात. आपल्याकडच्या बोअरला हा आकडा काही विशेष नाही. १० लिटर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) ट्रे कोरड्या हवेत, पंख्याखाली रोज लिटरभर पाणी पितो. म्हणजे महिन्याला ३० ग्रॅम क्षार आत जातात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच बसतात. थोडा भाग झाड घेतं, थोडा चुन्यासारखा साका होऊन बसतो, तरी मुळाजवळचा ईसी ५-६ वर सहज पोचतो. शेतात हे क्षार पावसाळ्यात खाली जिरतात. खोलीतल्या ट्रेवर मृग कधीच बरसत नाही.

लक्षणं फसवी असतात, म्हणून नीट बघा. आधी खालच्या जुन्या पानांची टोकं तपकिरी होतात, मग कडा करपतात. ट्रेच्या काठावर आणि कोकोपीटवर पांढरी पापडी धरते. शेवटी दुपारी झाड मान टाकतं. बोट खुपसून बघावं तर आत ओल असते! ओल्या ट्रेत झाड सुकतंय म्हणजे मुळाला पाणी ओढता येत नाही. इथे बहुतेक जण दोन चुका करतात. ‘तहानलंय’ म्हणून तेच बोअरचं पाणी अजून थोडं घालतात, नाहीतर पान हातात घेऊन कृषी सेवा केंद्र गाठतात. तिथून टॉनिक, ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली घेऊन परत येतात. त्यातलं बरंचसं पुन्हा क्षारच. आजारी ट्रेला मीटर न लावता खत देऊ नका. विकणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी नाही.

एक टीडीएस (विरघळलेले क्षार पीपीएममध्ये दाखवणारा) किंवा ईसी पेन मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. मीटर पीपीएम दाखवत असेल तर ६४० ने (काही मीटरमध्ये ५०० ने) भागलं की ईसी मिळतो. आधी पाणी मोजा. ०.७५ पर्यंत निर्धास्त राहा. ०.७५ ते २.२५ मध्ये निचरा आणि धुणं सोडायचं नाही. २.२५ च्या वर ते पाणी एकटं दिव्याखाली वापरूच नका. जानेवारीत मोजलं होतं म्हणून मे महिन्यात गप्प बसू नका. पातळी खाली गेली की बरेचदा खारटपणा वाढतो, आणि टँकर तर प्रत्येक वेळी वेगळ्या विहिरीचा असतो. टँकर आला की मोजायचं.

मग ट्रे मोजा. तळाला छिद्रं नसतील तर आधी पाडा, रीत खाली आहे. नेहमीसारखं पाणी द्या, तासभर थांबा, वरून पेलाभर पाणी ओता आणि खाली निथळेल ते पहिलं अर्धी वाटी पाणी तपासा. पुस्तकी मर्यादा पिकागणिक बदलते. हाताला बसलेला ठोकताळा असा: निथळलेल्या पाण्याचा ईसी घातलेल्या पाण्याच्या दुप्पट झाला की धुवायचं. ३ च्या पुढे गेला तर त्याच दिवशी. रोपं लहान असतील तर दुप्पट नाही, दीडपट झाला की लगेच.

धुण्याची रीत:

ट्रेला तळाशी ८-१० छिद्रं हवीत, नसतील तर तापलेल्या खिळ्याने पाडा. ट्रे दोन विटांवर ठेवा, खाली घमेलं. वरची पांढरी पापडी चमच्याने खरवडून फेका, आत मिसळू नका. १० लिटर कोकोपीटला १५ ते २० लिटर पाणी तीन वेळा विभागून, मध्ये अर्धा तास थांबत, हळू ओता. एकदम ओतलं तर पाणी कडेने निसटतं आणि मधला गोळा खारटच राहतो. शेवटचे ४-५ लिटर गोड्या पाण्याचे असू द्या, कारण दीड ईसीच्या पाण्याने धुऊन ट्रे दीडच्या खाली कधीच येणार नाही. दुसऱ्या दिवशी मोजा, आणि आकडा उतरल्यावरच खत, तेही अर्ध्या मात्रेत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पुढे दर पाण्याला घातलेल्यापैकी पाचवा हिस्सा खाली निथळलाच पाहिजे. हे पाणी वाया जातं असं वाटत असेल तर ते नारळाला घाला, दर वेळी आळ्याची जागा बदलून. पुदिन्याच्या दुसऱ्या ट्रेत परत ओतू नका.

ब्राह्मीवरून पाण्याची परीक्षा करू नका. ती थोडा खारटपणा सोसते आणि हिरवीगार दिसते. त्याच रॅकवरचा पुदिना मात्र आधी जातो.

आता कुठलं पाणी वापरायचं नाही ते. आरओ मशीनचं फेकलेलं पाणी झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. रॅकसाठी हे सगळ्यात वाईट पाणी, कारण शुद्ध पाण्यातून काढलेले क्षार याच नळीतून बाहेर येतात. कूलरच्या टाकीत तळाला उरलेलं पाणीही तसंच, आटून आटून दाट झालेलं. मिठाच्या सॉफ्टनरचं पाणी मऊ लागतं, पण त्यात सोडियम असतं. ते तर नकोच. एसीचं टिपकणारं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह संपलंय असं लगेच समजू नका. आपल्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटने सामू (पीएच) चढतो आणि लोह असून झाडाला मिळत नाही. लिंबूसत्त्व १० लिटरला १ ग्रॅमपासून सुरू करा, पट्टीवर सामू ६ ते ६.५ येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. सहसा ३ ग्रॅमच्या आत काम भागतं. चिलेटेड (झाडाला घेता येईल अशा रूपातल्या) लोहाची महाग पुडी त्यानंतरही पिवळेपणा राहिला तरच.

दिव्यांबद्दल थोडक्यात. जांभळे ‘ग्रो लाइट’ चौपट भावाने घ्यायची गरज नाही, साध्या पांढऱ्या ४ फुटी २० वॅटच्या एलईडी पट्ट्या चालतात. ४ बाय २ फुटांच्या कप्प्याला पुदिना, ब्राह्मीसाठी ४ आणि तुळशीसाठी ६ पट्ट्या, शेंड्यापासून २० ते ३० सेंटिमीटरवर. १६ तास लावल्या तर ४ पट्ट्यांना दिवसाला १.२८ युनिट लागतात, महिन्याला साधारण ३८. हा खर्च आधी वहीवर मांडा. अश्वगंधा, शतावरी दिव्याखाली लावा म्हणणाऱ्याकडून आणि पुनर्खरेदीची हमी देणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका. मुळांची ही पिकं शेतातच परवडतात.

उन्हाळ्यात दिवे संध्याकाळी ६ ते सकाळी १० लावा. दुपारच्या ४२ अंशांत दिव्याची आणखी ऊब नको, आणि रात्री हवाही जरा दमट असते. पत्र्याच्या खोलीपेक्षा माळवदाची खोली कधीही बरी.

बाकीची कामं:

– कोकोपीट वापरण्याआधी दोनदा भिजवून पिळणे. कोकोपीटची दाबलेली नवी वीटही खारट असू शकते
– खिडकीला ओलं गोणपाट
– पंखा झाडावर थेट नको
– दर आठवड्याला पानांची खालची बाजू बघणे. लाल कोळी कोरड्या हवेत झपाट्याने वाढतो
– कोळी दिसल्यास पाण्याने पानं धुणे, मग ५ टक्के निंबोळी अर्क, दिवे बंद असताना
– खायच्या पानावर रासायनिक कीडनाशक नाही
– तुळशीचे तुरे येण्याआधी शेंडे खुडणे
– पानं सावलीत वाळवणे

मृगाच्या आधी पन्हाळ आणि नळी बसवून घ्या. ५०० चौरस फुटांच्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती धरूनही ३,७०० लिटरच्या आसपास गोडं पाणी मिळतं. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी छत धुण्यासाठी सोडून द्या. ८ ट्रेच्या रॅकला दिवसाला १० लिटर लागतात. बोअरचं आणि पावसाचं पाणी निम्मं निम्मं केलं तर १,००० लिटरची झाकलेली टाकी सहा महिने पुरते. टाकी काळी घ्या किंवा सावलीत ठेवा, नाहीतर शेवाळ धरतं.