कॉफीची तोडणी आणि वाळवण : कोल्हापूरच्या पश्चिम भागातील लहान बागायतदारांसाठी सल्ला

आजरा, चंदगड, राधानगरी किंवा शाहूवाडीच्या डोंगरउतारावर ज्यांनी मोठ्या झाडांच्या सावलीत थोडीफार कॉफी लावली आहे, त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीचे मोल डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ठरते. तोडलेला ऊस फडात दोन दिवस पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. कॉफीच्या फळाचेही तसेच आहे, मात्र येथे हिशेब तासांवर येतो.

कॉफीच्या दोन मुख्य प्रकारांपैकी अरेबिकाला साधारण १००० ते १५०० मीटर उंची मानवते, तर रोबस्टा ५०० ते १००० मीटरवर चांगली येते. त्यामुळे आपल्या बहुतेक वाड्यांना रोबस्टाच अधिक जवळची आहे. केवळ नावाला भुलून कमी उंचीवर, उघड्या उन्हात अरेबिका लावली तर ती खोडकिडीला लवकर बळी पडते.

पिकलेले फळ दोन बोटांत दाबले असता बी सालीतून सहज निसटते. हिरव्या फळाची बी निघत नाही. दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार फेऱ्या करून पूर्ण लाल फळेच तोडावीत आणि फांदी ओरबाडणे टाळावे. किलोवर मजुरी ठरली की बुट्टी लवकर भरावी म्हणून हिरवी फळेही तोडली जातात, म्हणून या कामाला रोजंदारी बरी. खर्च वाढला तरी दरात तो भरून निघण्याची शक्यता असते. साधारणपणे चवीच्या परीक्षेत १०० पैकी ८० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या कॉफीला स्पेशालिटी म्हणतात, आणि कच्च्या फळाची तुरट चव तेथे लपत नाही. घरी आणलेली फळे पाण्याच्या टबात टाकावीत व तरंगणारी पोकळ, किडकी फळे काढून वेगळी वाळवावीत.

पल्पर (फळाची साल काढणारे यंत्र) असेल तर त्याच दिवशी साल काढावी व बिया आंबवत ठेवाव्यात. अरेबिकाच्या बियांवरचा चिकट थर सुटण्यास साधारण २४ ते ३६ तास लागतात, रोबस्टाला त्याहून अधिक, आणि थंडी कडक असेल तर वेळ आणखी वाढतो. घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवावा : मूठभर बिया धुऊन चोळल्यावर बुळबुळीतपणा जाऊन खडे घासल्यासारखा खरखरीत आवाज आला की लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. धुण्याचे आंबट पाणी ओढ्यात सोडू नये. पल्पर किंवा मुबलक पाणी नसेल तर अख्खी फळेच वाळवावीत. अर्धवट आंबवलेल्या कॉफीपेक्षा नीट वाळवलेले फळ केव्हाही चांगले.

वाळवणीत आपली जुनी सवय आड येते. शेणाने सारवलेले खळे भातासाठी ठीक आहे, पण कॉफी जमिनीचा वास चटकन ओढून घेते. बांबूच्या चौकटीवर जाळी ताणून कमरेइतक्या उंचीचा मांडव करावा, त्यावर चार बोटांपेक्षा जाड थर देऊ नये आणि दिवसा तासा-दीड तासाने हात फिरवावा. सायंकाळी दंव पडण्यापूर्वी ढीग करून झाकावे व सकाळी धुके विरल्यावरच उघडावे. अवकाळी ढग आले तर ताडपत्री हाताशी असावी. साल काढलेल्या बिया सात ते दहा दिवसांत, अख्खी फळे दोन आठवड्यांच्या आसपास वाळतात. ओलावा १० ते ११ टक्क्यांवर यावा लागतो. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर एक किलोचा नमुना बाजूला वाळवून रोज तोलावा आणि सलग दोन दिवस वजन उतरले नाही तरच पोती भरावीत.

पोती नवी, कोरडी व फळीवर ठेवावीत. खताची गोणी, डिझेलचा डबा किंवा कांदा-लसूण चटणीचा हंगामी साठा त्याच खोलीत असेल, तर कॉफीसाठी दुसरी खोली पाहावी.

शेवटच्या फेरीनंतर झाडावर राहिलेली आणि खाली पडलेली फळे वेचून घ्यावीत, कारण फळ पोखरणारा भुंगेरा त्यांतच पुढील हंगामापर्यंत तग धरतो. वेचलेल्यांपैकी किडकी फळे उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवूनच वाळवणीला घालावीत.