गाताना घसा आवळतो? या चुका टाळा

नागपुरात हल्ली वस्तीवस्तीत कराओके ग्रुप झालेत. तिथून शिकायला येणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "मॅडम, वरच्या सा ला गळा आवळतो, दम पुरत नाही." बहुतेकांच्या बाबतीत दम कमी नसतो, नको तितका भरलेला असतो.

लांब ओळ दिसली की माणूस खांदे उचलून, छाती फुगवून काठोकाठ श्वास घेतो. कोंडलेली हवा बाहेर पडायला बघते. तिला अडवायला स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात, मानेच्या शिरा तट्ट फुगतात आणि स्वर आपटून निघतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू मध्य सा ला सेकंदाला साधारण १३९ वेळा उघडमीट करतात, तार म्हणजे वरच्या सा ला त्याच्या दुप्पट. हे काम दाबून-चेपून कसं होणार?

उताणे झोपा, पोटावर पातळसं पुस्तक ठेवा. पाऊणच श्वास घ्या. पुस्तक वर यावं, खांदे सतरंजीलाच टेकलेले राहावेत. मग बारीक, एकसारखा 'स्स्स' सोडा. पुस्तक सावकाश उतरलं तर ठीक. धपकन खाली बसलं तर हवा पहिल्याच क्षणाला उधळली. हे जमलं की तसाच मध्य सा 'आ' म्हणत लावा, मग उभं राहून. पोट आवळून धरू नका. बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत, एवढंच.

दुसरी चूक पट्टीची, म्हणजे सा किती उंच धरायचा त्याची. ट्रॅक मूळ पट्टीत असतो आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती उतरवता येते, पण लोकांना त्यात कमीपणा वाटतो. का, ते देव जाणे! मग हनुवटी वर करून तार स्वर ओढायचा. त्याने स्वरयंत्रही वर खेचलं जातं. गाताना हनुवटीखालच्या मऊ भागाला अंगठा लावून बघा. तो दगडासारखा लागला तर जिभेचं मूळ ताठलंय. आणि वसंतराव देशपांडे सभागृह असो की फ्लॅटची गच्ची, समोर माइक असतोच. ओरडायचं कशाला?

मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना बाहेरून येऊन घोटभर पाणी पिऊन लगेच गायला बसू नका. ते पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना शिवतही नाही. दिवसभर थोडं थोडं पीत राहा. रात्री सावजी रस्सा हाणून आडवं झालं की आम्ल घशाशी येऊ शकतं. सकाळी आवाज घोगरा आणि दोष रियाजाला. सावजी सोडा म्हणायची माझी हिंमत नाही, पण जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या.

आवाज बसलाच तर कुजबुजू नका, सारखं खाकरू नका. शांत राहा. थोडा सुटला की ग्लासातल्या पाण्यात दोन बोटं स्ट्रॉ बुडवून त्यातून हलकेच 'ऊ' काढा. तीन आठवड्यांत घोगरेपणा गेला नाही तर काढे बंद करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना स्वरतंतू दाखवा.